मान, खांदा आणि रेटकार्ड: नागपुरात कोणता मसाज कशासाठी घ्यावा

निकाल आधीच सांगून टाकते. मान खाली घालून काम करणाऱ्यांनी दोन-अडीच हजारांचं फुल बॉडी पॅकेज घेऊच नये. तेवढ्या पैशात मान-पाठ-खांद्याचा अर्ध्या तासाचा, मध्यम दाबाचा मसाज दोनदा होतो, आणि उपयोग त्याचाच जास्त. झोप लागत नाही, थंडीत अंग कोरडं पडतं, अशांनी अभ्यंग करावा. कंबर-मांड्या आखडल्या पण तेलाचा तिटकारा, अशांनी थाई. डीप टिश्यू, म्हणजे खोल दाबाचा मसाज, ज्याला "बस, हळू" असं तोंडावर म्हणता येतं त्यानंच घ्यावा. आणि मानेला कटकन झटका देणाऱ्याच्या खुर्चीत कोणीच बसू नये, फुकट देत असला तरी.

मी नागपूरच्या इंदोऱ्यात ब्लाऊज शिवते. घरचंच दुकान, दोन मशीन, एक ओव्हरलॉक, हाताखाली एक मुलगी. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी कटिंगच्या टेबलावरून मान वर निघत नाही. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं आणि मान जितकी पुढे झुकवाल तितका मागच्या स्नायूंवर भार वाढत जातो, हे फिजिओथेरपिस्ट मॅडमनं सांगितलं तेव्हा कळलं खांदा काहून दुखून राहिला ते. उजवा जास्त, कारण कात्री उजव्या हातात. म्हणून हे जे लिहिते ते हौसेचं नाही. पैसे माझेच, कोणी फुकटात काही केलं नाही. जागांची नावं मुद्दाम देत नाही. या धंद्यात कामाची मुलगी सोडून गेली की तीच जागा, तेच रेटकार्ड, पण मसाज निराळाच होतो. भाग सांगते, शोधायचं ते तुम्ही शोधा.

सदर भागातल्या एका हॉटेलातल्या स्पापासून सुरुवात करते, कारण तिथलं रेटकार्ड सगळ्यात लांब. स्वीडिश, बालिनीज, डीप टिश्यू, ॲरोमा, हॉट स्टोन, आणि दोन-तीन नावं अशी की वाचूनच बाईनं उठून यावं. मी स्वीडिश घेतला. हा प्रकार सगळ्यात सौम्य आणि नवख्या माणसासाठी सगळ्यात बिनधोक. तेल लावून लांब हात फिरवायचे, मग स्नायू कणकेसारखा मळायचा, मग बोटांनी एका जागी घासायचं, शेवटी थापटायचं. नाव स्वीडिश असलं तरी या हातांची पद्धतशीर मांडणी योहान मेझगर नावाच्या डच डॉक्टरनं केली असं मानतात. स्वीडनच्या पेर लिंगनं 1813 साली स्टॉकहोममध्ये व्यायामाची संस्था काढली, आणि श्रेय सगळं त्याच्याच देशाच्या नावावर जमा झालं.

आत गेल्यावर माझं लक्ष आधी चादरीकडे जातं, सवयीनं. इथली चादर जाड सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली, कडा दुमडून दोनदा शिवलेल्या. तोंड ठेवायला टेबलाला जे भोक असतं त्यावर मात्र सिंथेटिक कापडाचं कव्हर, इलॅस्टिक सैल, आणि जोडाची शिलाई बरोबर कपाळावर येते. अर्ध्या तासानं उठले तर कपाळावर टाका उमटलेला. पन्नास रुपयांचं कापड लागतं हो, दोन हजार घेता तर तेवढं बदला. पण थेरपिस्ट चांगली होती. हात लावायच्या आधी तिनं विचारलं: कुठं दुखतं, कधीपासून, बीपी आहे का, हाताला मुंग्या येतात का, दाब किती पाहिजे. मग उजव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला अंगठा ठेवला आणि घासलं नाही, नुसती थांबली. मी श्वास सोडला तसा तिनं दाब थोडा वाढवला. पुन्हा थांबली. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला ते ठसठसणं कमी झालं, मग अंगठा बोटभर खाली. अख्ख्या तासातला कामाचा भाग तेवढाच, पंधरा-वीस मिनिटांचा. बाकी पाय, हात, पोटऱ्या छान वाटल्या, पण पोटऱ्यांनी कुठं तक्रार केली होती? तेव्हापासून मी तिथं फक्त मान-पाठ-खांदा सांगते. रिसेप्शनवाली तोंड वाकडं करते आणि पॅकेज पुढे सरकवते. सरकवू द्या.

एक गोष्ट वाचली ती इथंच सांगते, कारण रेटकार्ड वाचताना ती डोक्यात ठेवली तर पैसे वाचतात. 2011 साली अमेरिकेत सिएटलकडे जुनाट कंबरदुखीच्या 401 लोकांवर एक अभ्यास झाला. काहींना साधा आराम देणारा मसाज, काहींना नेमका स्नायू शोधून केलेला उपचारी मसाज, आठवड्यातून एकदा असा दहा आठवडे. बाकीच्यांना नेहमीचेच उपचार. दोन्ही मसाजवाले नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा बरे निघाले, पण आपसात दोघांत म्हणावा असा फरक नाही. म्हणजे ज्याला रेटकार्डावर चारशे-पाचशे जास्त लावतात तो प्रकार कंबरेला जास्त कळतोच असं नाही.

आता अभ्यंग. धंतोलीत डॉक्टरांच्या गर्दीत एक आयुर्वेदाचं केंद्र आहे, जिना अरुंद, आत मात्र स्वच्छ. इथं आधी वैद्य मॅडम बसवतात. भूक कशी, पोट साफ होतं का, झोप कशी, आदल्या दिवशी काय खाल्लं. माझ्यासोबत नणंद होती. तिनं आदल्या रात्री पाहुण्यांबरोबर सावजी मटण हाणलं होतं आणि सकाळपासून ढेकरा देऊन राहिली होती. मॅडमनी तिला सरळ परत पाठवलं, "ताई, आज नाही, परवा या." नणंद चिडली. पण वाग्भट या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारानं अभ्यंग रोज करा म्हणून सांगितलंय, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करा म्हणून सांगितलंय, आणि त्याच दमात अजीर्ण असलेल्यानं करू नये असंही सांगितलंय. जी जागा आलेलं गिऱ्हाईक अशा कारणासाठी परत पाठवते, तिथं मी डोळे झाकून जाते.

दोन बायका दोन बाजूंनी एकाच वेळी हात चालवतात. हातापायांवर लांब, सांध्यांवर गोल. दाब फार नसतो. मानेतली गाठ काढून देतील या आशेनं जाल तर निराश व्हाल. तेल कोमट, तिळाचं, त्यात औषधं शिजवलेली, वास केसांत दोन दिवस राहतो. मग वाफ. त्या रात्री मी जेवण वाढता वाढता पेंगत होते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची थंडी कोरडी असते, टाचा फुटतात, सुती धागासुद्धा बोटाला अडकतो, तेव्हा हा प्रकार घ्यावा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना तेल आणि वाफ माझ्याच्यानं होत नाही. कपडे मात्र जुने घालून जा. टॉवेलनं कितीही पुसलं तरी शिवणीत तेल मुरतं आणि कॉटनमधला तो पिवळा डाग कोणत्याच पावडरनं निघत नाही. माझ्याकडे असे कुर्ते ऑल्टरला येतात, बघताच समजतं बाई कुठून आली.

नणंदेचा परवाचा नंबर आला तेव्हा तिला कटिबस्ती सांगितली, तिच्या कंबरेसाठी. ते मी शेजारी बसून बघितलं आणि बघण्यासारखंच आहे. उडदाच्या पिठाचा घट्ट गोळा मळून त्याची जाड वळी करतात आणि पालथं झोपवून कंबरेवर त्याचं गोल कडं बसवतात. ती मुलगी ओल्या बोटानं कड्याची खालची कडा कातडीला दाबत दाबत फिरली, आतून एकदा, बाहेरून एकदा. मी मुंढ्याची शिलाई जितक्या काळजीनं वळवते तितक्याच काळजीनं. मग कोमट तेल, आधी स्वतःच्या मनगटावर बघून, कड्यात हळूहळू ओतलं. थेंब गळाला नाही. तेल निवलं की कापसाच्या बोळ्यानं टिपून घ्यायचं, वाटीत पिळायचं, गरम पाण्यात वाटी ठेवून परत ओतायचं. अर्धा तास हेच. नणंद म्हणते कंबर मोकळी झाली. आठवडाभरानं परत तीच कंबर घेऊन आली हेही खरं, कारण शाळेत दिवसभर उभी आणि घरी पाण्याच्या बादल्या. ज्यांना पैसे जड आहेत त्यांनी सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात पंचकर्म विभागात आधी चौकशी करावी. तिथं रांग आणि कागद आहेत, थंडगार लॉबी नाही.

थाई मसाज मी उशिरा घेतला, बजाजनगरच्या बाजूला. कारण ऐकलं तर हसाल. थाई परंपरेत या विद्येचा आद्य गुरू जीवकाला मानतात. जीवक म्हणजे तोच, राजगृहाचा, भगवान बुद्धांचा वैद्य. आमच्या विहारात लहानपणापासून ऐकलेलं नाव, आणि ते मसाजच्या दुकानात भिंतीवरच्या चित्राखाली लिहिलेलं. थाई लोक त्याला शिवागो कोमारपाज म्हणतात. बँकॉकच्या वाट फो या देवळात एकोणिसाव्या शतकात ही माहिती शिळांवर कोरून ठेवली, आणि 2019 साली युनेस्कोनं थाई मसाजला वारशाच्या यादीत घेतलं. दीक्षाभूमीपासून इतक्या जवळ जीवकाच्या नावानं कोणी माझे पाय ओढणार, तर नाही कसं म्हणू?

आणि ओढतात खरंच. जमिनीवर जाड गादी, अंगात त्यांनी दिलेला सैल सदरा-पायजमा, तेलाचा थेंब नाही. ज्या बायकांना कपडे काढायचा संकोच आहे त्यांच्यासाठी हाच प्रकार. मिझोरमची मुलगी होती, हाडानं बारीक, हिंदी माझ्यापेक्षा साफ. तळव्यानं दाबत दाबत पाय, मग गुडघा छातीकडे, मग कंबरेला पीळ, मग मागं बसून माझे दोन्ही हात धरून पाठ ताणली. मशीनवर बसणाऱ्याच्या मांडीच्या सांध्यात जे जाम होऊन बसतं ते इथं सुटतं. दुकानात आल्यावर पॅडल मारताना पाय मला परका वाटला, इतका हलका. पण मानेला याचा फायदा फार नाही. आणि हाडं ठिसूळ असलेल्यांनी, गुडघा बदललेल्यांनी, मणक्याची गादी सरकलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जायचं नाही. त्यांचा पायजमा तेवढा खटकला मला: आसनाला कापड कमी, पाय वर घेतला की तटकन ताणतो. कळी घाला हो त्याला.

डीप टिश्यूची तक्रार करायची आहे. शहरातल्याच एका महागड्या जागी घेतला. प्रकार वाईट नाही. स्नायूच्या खोल थरापर्यंत सावकाश दाब न्यायचा, अंगठ्यानं, मुठीनं, कोपरानं. सावकाशपणा हाच त्यातला जीव. त्या बाईला घाई होती. एकदाही विचारलं नाही आणि पहिल्याच मिनिटाला कोपर खांद्यावर. मी "हळू" म्हटलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, गाठ फुटायला दुखणारच, टॉक्सिन बाहेर निघतात." कुठून निघतात? घाण गाळायचं काम मूत्रपिंड आणि यकृत करतात, कोपर नाही. दोन दिवस अंग थोडं ठणकणं समजू शकते, तेवढं होतंच. इथं खांद्यावर निळा डाग पडला आणि चार दिवस बाही बसवताना हात वर जाईना. पैसे परत मागितले नाहीत, त्यांनी दिलेही नसते. मेंबरशिपचा फोन मात्र अजून येतो.

याच टॉक्सिनच्या जातीची आणखी दोन वाक्यं ऐकायला मिळतात. मसाजनं चरबी वितळते, हे एक. वितळत नाही. दुसरं माझ्या मुलासाठी: तो फुटबॉल खेळतो, सामन्यानंतर मांड्या भरून येतात, आणि जिममधल्या कोणीतरी सांगितलं की मसाजनं लॅक्टिक ॲसिड निघून जातं. ते तर खेळ थांबल्यावर तास-दीड तासात शरीर आपसूक निपटून टाकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखतं ते स्नायूंना बारीक इजा झाल्यामुळं. हलक्या हाताच्या मसाजनं त्याला आराम वाटतो, वाटू दे. पण त्यासाठी कोपर लावून घेऊ नको म्हटलं, घरीच पोटऱ्या दाबून देते. तो म्हणतो, "आई, तुझा हात डीप टिश्यूच आहे."

त्याच्याच वयाची पोरं केस कापायला जातात आणि वरून चंपी घेतात. शे-दीडशेत डोक्याची चंपी हा नागपुरातला सगळ्यात स्वस्त आणि खरा आनंद, त्याला माझं काही म्हणणं नाही. खोबरेल, बोटांची पेरं, कानामागं दाब, झालं. पण शेवटी हनुवटी धरून मान फिरवतात ना कटकन, तिथं हात धरायचा. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, झटक्यानं त्या आतून फाटू शकतात आणि अर्धांगापर्यंत गोष्ट जाऊ शकते. रोज होत नाही, पण झाली तर परत शिवता येत नाही. आमच्या यांना मी दुकानात बसूनच फोन लावला होता, "चंपी घ्या, मान नको."

मालिशवाली बाई हा वेगळा विषय आहे आणि आपल्याकडे तो बाळंतिणीपुरताच उरला. आमच्या गल्लीत येतात त्या मावशी घरी येऊन तीन-चारशे घेतात, तेल आपलं. तिळाच्या तेलात ओवा-लसूण कडकवून ठेवायचं. त्यांना शरीराची नावं येत नाहीत, पण हात बरोबर जातो. "इथं धरलं ना वो पोरी," म्हणतात आणि बोट जिथं असतं तिथंच धरलेलं असतं. थकवा, अंगदुखी, बाळंतपणानंतरची कंबर यांसाठी स्पापेक्षा मावशी बऱ्या. फक्त दाब सांगावा लागतो, आणि सिझेरियनचे टाके असतील तर पोटाला हात लावू द्यायचा नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. तान्ह्या बाळाचं नाक ओढणं, डोकं गोल करणं हेही नको. त्या रुसतात. रुसू द्यायचं.

सासूबाईंचं मुद्दाम वेगळं लिहिते. त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात, आणि मागं त्यांची एकाच पायाची पोटरी सुजली, हाताला गरम लागायला लागली. मावशी तेलाची वाटी घेऊन तयार. मी थांबवलं आणि दवाखान्यात नेलं. एकाच पायाला अशी सूज असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळलं तर ती सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. अशा पायाला कोणताच मसाज नाही, हलका पण नाही. तसंच ताप, कातडीला संसर्ग, ताजं फ्रॅक्चर. मान किंवा कंबर दुखून हातापायात मुंग्या उतरतात, पकड ढिली पडते, लघवीवरचा ताबा जातो, तर रेटकार्ड बघायचंच नाही, डॉक्टर. गरोदर बाईनं डॉक्टरला विचारून, कुशीवर झोपवून करणाऱ्याकडेच जावं.

बायकांनी फोनवरच विचारून घ्यायच्या गोष्टी आहेत, लाजायचं काही नाही. थेरपिस्ट बाईच असेल ना. प्रशिक्षण कुठं झालं. अंगावर चादर राहते ना आणि ज्या भागावर काम चालू तेवढाच उघडा. नुसती मान-पाठ होईल का. "आल्यावर सांगू" असं उत्तर आलं की मी फोन ठेवते. जिथं बोर्डावर दर नाही, काचेला काळी फिल्म आणि दारात उगाच उभी पोरं, तिथं तर पायरीच चढायची नाही. आणि आत गेल्यावर मसाज चालू असताना तेल कमी-जास्त, दाब, पंखा, काहीही बोलायचं. माझ्याकडे ब्लाऊज ट्राय करताना बाया गप्प राहतात आणि घरी जाऊन म्हणतात काखेत घट्ट झाला, तसं नको.

दर सध्या मला पडले ते असे: मान-पाठ-खांदा अर्धा तास आठशे ते हजार, अभ्यंग आणि वाफ मिळून बाराशे ते पंधराशे, थाई तासाला दोन हजारांच्या आसपास. म्हणजे एका थाई मसाजला अस्तराचे चार ब्लाऊज. सीझनमध्ये ते मला परवडत नाही, म्हणून तो लग्नसराई संपल्यावर. मान-पाठ-खांदा मात्र महिन्यातून एकदा ठरलेला. वेळ घ्यायची तर मधल्या वारी, सकाळची घ्या. संध्याकाळपर्यंत त्या मुलींचे अंगठेही थकलेले असतात, आणि शेवटच्या गिऱ्हाईकाला साठ मिनिटांतली पन्नासच मिळतात.